पलीकडे कोण उचलतं

१

दुपारचा डबा खाऊन झाला, धुऊन खिडकीत उपडा घातला, की ताई मशीनच्या खोलीत येऊन बसायची. त्या वेळेला सगळं कार्यालय पेंगत असायचं. साहेब खुर्चीत मान टाकून, टंकलेखिका टेबलावर डोकं ठेवून, आणि व्हरांड्यातला शिपाई तर चक्क उभ्या उभ्या. जागी असायची ती ताई आणि तिचं मशीन.

काम पाण्याचं होतं. डोंगरात वरपासून खालपर्यंत तलाव बांधलेले होते. प्रत्येक तलावाच्या काठी एक चौकी आणि चौकीत एक लहानसा संगणक, पाणी किती चढलं किती उतरलं त्याची नोंद ठेवणारा. दुपारी ताईचं मोठं मशीन टेलिफोनवरून एकेका चौकीला उठवायचं आणि आकडा मागून घ्यायचं. खालच्या वस्तीसाठी तलावांची दारं कधी उघडायची, कधी लावायची, हे त्या आकड्यांवर ठरत असे.

मशीनशेजारी मोडेमची चपटी पेटी होती. मशीनला टेलिफोनवर बोलता येत नाही, ती विद्या पेटीकडे. पेटी नंबर फिरवते, पलीकडची पेटी उचलते, मग दोघी एकमेकींना शिट्ट्या घालून ओळख पटवतात. ओळख पटली की आवाज बंद होतो आणि पडद्यावर अक्षरं उमटू लागतात. पुढचं संभाषण ताईने एका फाईलमध्ये आधीच लिहून ठेवलेलं असायचं. पलीकडून ‘लॉगिन’ आलं की आपण नाव सांगायचं, ‘पासवर्ड’ आलं की परवलीचा शब्द. कुणाला समजावून सांगताना ताई म्हणायची, “पाहुण्यांकडे जाताना आई पढवते ना, तसं आहे. त्यांनी हे विचारलं की हे सांगायचं, ते विचारलं की ते. जास्तीचं बोलायचं नाही.”

सगळ्यांत वरच्या तलावाची चौकी नवीन होती आणि तिथे ताईचा धाकटा भाऊ होता, टिल्लू. लहानपणी चणीने बारीक म्हणून पडलेलं नाव. पुढे दाराच्या चौकटीला डोकं आपटेल एवढा वाढला, पण नाव काही वाढलं नाही. बऱ्याच नोकऱ्या धरून सोडल्यावर ताईनेच साहेबांकडे शब्द टाकून त्याला तिकडे लावलं होतं. “माणसांत याचं जमत नाही,” आई म्हणाली होती, “पाण्याशी तरी जमतंय का बघू.”

त्याच्या चौकीचा संगणक ताईने स्वतः तयार केला. संगणक एका खोक्यात, मोडेम दुसऱ्या. चिकटपट्टी लावून, वर मोठ्या अक्षरांत ‘सांभाळून’ असं लिहून तिने दोन्ही खोकी जीपमधून वर पाठवली. दोन दिवसांनी टिल्लूचा फोन आला.

“ताई, सगळं नीट आहे. तू कर सुरू.”

तिने फाईलमध्ये त्याच्या चौकीची ओळ घातली आणि मशीनला नंबर फिरवायला सांगितला.

२

पहिल्या दिवशी जमलं नाही. घंटा वाजली, पलीकडून उचललं गेलं, शिट्टी आली, आणि मग मशीन नुसतं बसून राहिलं. शेवटी कंटाळून त्याने फोन ठेवला.

ताईने झाल्या प्रकाराची नोंद उघडून बघितली. मशीन ‘लॉगिन’ या शब्दाची वाट बघत होतं. पलीकडून शब्द आलाही होता, पण त्यात इंग्रजी ‘जी’च्या जागी ‘जे’ होता.

ती पडद्याकडे बघत राहिली. हा संगणक तिने स्वतःच्या हाताने भरला होता. तो शब्द मशीनच्या पोटातला, जन्मापासूनचा. तारेवर खरखर झाली तर अक्षरं फुटतात, कचरा येतो, हे तिला ठाऊक होतं. पण इथे कचरा नव्हता. कुणीतरी ऐकीव शब्द आपल्या मनाने लिहावा, तशी ती चूक होती.

खरखरच असेल, असं तिने स्वतःला बजावलं. एखादं अक्षर नेमकं असंही बदलू शकतं.

दुसऱ्या दिवशी शब्द बरोबर आला. मात्र अक्षरं एकेक करून उमटली, मध्ये थांबत थांबत, आणि जीच्या आधी तर बराच वेळ गेला. मग पाण्याचा आकडा आला. ताईने तो कागदावर उतरवून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

३

पेटीला एक छोटा कर्णा होता. नंबर फिरवल्यापासून ओळख पटेपर्यंत तारेवरचा आवाज त्यातून ऐकू यायचा. ताईला त्याची इतकी सवय झाली होती की कोणती चौकी उचलते आहे ते ती न बघता सांगायची. खालच्या तलावाची शिट्टी जरा चिरकी, मधल्या तलावाची सर्दी झाल्यासारखी.

वरच्या चौकीची शिट्टी गोल होती. गोड म्हणावी अशी. ती ऐकताना ताईला झोप यायची, आणि डोळे मिटले की पाण्याखाली बसल्यासारखं हिरवट काहीतरी दिसायचं. हे नंतरचं. आधी तिला ऐकू आलं ते वेगळंच.

घंटा थांबली. आणि शिट्टीच्या आधी एक बाई म्हणाली, “हं, बोल.”

आवाज जवळचा होता. कामात असलेल्या घरच्या बाईने फोन खांद्याशी धरून म्हणावं तसा. लगेच शिट्टी सुरू झाली, ओळख पटली, कर्णा बंद पडला आणि आकडा आला.

ताईला आधी हसू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टिल्लूला फोन लावला.

“काय रे, दुपारी घरात कोण असतं?”

“मी असतो.”

“आणखी?”

तारेतून बारीक, पाणी हलल्यासारखा आवाज येत होता.

“आणखी कोण असणार, ताई? इथे वर कोण येतंय?”

“मी काही आईला सांगणार नाही. कुणी असेल तर चांगलंच आहे. फक्त दुपारचा फोन उचलू नका म्हणावं. तो मशीनसाठी आहे.”

“सांगतो,” टिल्लू म्हणाला. मग घाईने म्हणाला, “म्हणजे, नाही उचलणार.”

४

पण बाईचं ‘हं, बोल’ रोज दुपारी येतच राहिलं. ताई सहजासहजी घाबरणाऱ्यांतली नव्हती. तिने टेलिफोनच्या लाइनवाल्याला गाठलं. तो खांबावरून उतरून, पक्कड खिशात घालत म्हणाला, “क्रॉस कनेक्शन असणार बाई. जुन्या तारा आहेत. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात. माझ्या बायकोने एकदा अख्खं भांडण ऐकलं, कुणाचं ते अजून कळलं नाही.”

“पण रोज? आणि त्याच क्षणाला?”

“मग ती बाई रोज त्याच वेळेला फोन उचलत असेल.”

हे ताईला पटलं. पटवून घेतलं म्हटलं तरी चालेल. पण बाई उचलते आणि पेटीची ओळख पटते, हे कसं? बाईने उचलला असेल तर पेटीने उचललेला नाही. पेटीने उचलला असेल तर बाई बोलते कुठून?

तिने एक कमांड देऊन पेटीचा कर्णा ओळख पटल्यावरही चालू राहील असं केलं. त्या दुपारी आकडा येईपर्यंत ती कान लावून बसली. आत मशीनांचं नेहमीचं खसखसणं होतं, वाळूवर पाणी ओढलं जावं तसं. त्याच्यामागे खोली होती. खोली ऐकू येते का कधी? पण ताईला ती ऐकू आली. दगडी भिंती, ओल, कुठेतरी बादलीत ठिबकणारं पाणी. मध्येच खसखसणं तुटलं, कुणीतरी दम खाल्ला, आणि ते परत सुरू झालं.

मशीनला दम लागत नाही.

साहेबांना तिने बिचकतच सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. “आकडे बरोबर येतात का?”

“येतात. परवा मोजणीवाले होडीतून जाऊन आले. बोटभरही फरक नाही.”

“मग चालत्या गाड्याला हात कशाला लावता? उन्हाळ्याचे दिवस आहेत, डोळा लागत असेल दुपारचा. माझाही लागतो.”

५

तरी ती गेली. जीपवाले काका वरच्या रस्त्याला सामान पोचवायला निघाले होते, त्यांच्या शेजारी बसून. रस्ता चढत गेला तसं ऊन विरत गेलं. तलाव दिसला तेव्हा त्यावर धुकं नव्हतं, पण पलीकडचा काठही दिसत नव्हता. पाणी फार स्थिर होतं. काकांनी इंजिन बंद केल्यावर कान दुखतील इतकं शांत झालं.

चौकी म्हणजे दोन खोल्या, एकामागे एक. टिल्लू दारात उभा होता, चौकटीखाली मान वाकवून. चेहऱ्यावर तजेला होता. इतका निवांत तिने त्याला लहानपणानंतर पाहिला नव्हता.

“आलीस,” तो म्हणाला. आवाज पार बसलेला होता.

“घशाला काय झालं?”

“काही नाही. जास्त वापरला.”

त्याने चहा केला. ताई बाहेरच्या खोलीत खाटेवर बसली आणि कप ठेवायला तिने शेजारच्या टेबलाकडे हात नेला. ते टेबल नव्हतं. एकावर एक ठेवलेली दोन खोकी होती, वर चादरीचा तुकडा, त्यावर कंदील आणि दाढीचा आरसा. चादरीखालून तिचंच अक्षर दिसत होतं: ‘सांभाळून’. चिकटपट्टी जशीच्या तशी. कुठे नखसुद्धा लागलेलं नव्हतं.

ताईने कप जमिनीवर ठेवला.

“टिल्लू, हे तू उघडलंच नाहीस.”

“राहून गेलं, ताई.” तो ओशाळून हसला. लहानपणी पाटी फोडल्यावर हसायचा तसाच. “आज उघडू, उद्या उघडू म्हणता म्हणता राहिलं. मग गरजच पडली नाही.”

“मग आकडे कोण पाठवतं?”

त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. टेलिफोनची तार खिडकीतून आत येऊन भिंतीच्या कडेने आतल्या खोलीच्या दाराखाली गेली होती. दार पूर्ण लागलेलं नव्हतं. दाराखालून पाण्याचा एक पातळ ओघळ बाहेर येऊन वाळला होता, आणि पुन्हा येऊन वाळला होता. फरशीवर त्याच्या कडा एकात एक उमटल्या होत्या.

“फोन आत कशाला नेलास?”

“तिला उठायला त्रास होतो,” टिल्लू म्हणाला.

आणि आत घंटा वाजू लागली.

ताईच्या लक्षात आलं, दुपार झाली होती. तिकडे खाली, पेंगणाऱ्या कार्यालयात, तिचं मशीन आपणहून नंबर फिरवत होतं. तिनेच तसं लावून ठेवलं होतं.

घंटा थांबली. “हं, बोल,” आतून आवाज आला, तार नाही, कर्णा नाही, थेट. मग शिट्टी. ती भिंतींना लागून येत होती, ओली आणि गोल. ताईचे पाय उठले. नको म्हणत असताना ती दाराच्या फटीपर्यंत गेली.

आत उजेड हिरवट होता. जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून, कुणीतरी बसलं होतं. केस ओले, जमिनीवर पसरलेले, आणि त्यांच्यातून पाणी निघून फरशीभर झालेलं. फोन मांडीत होता, तोंडाशी नव्हताच. मान मागून दिसत होती. शिट्टी चढली की ती मान दोन्ही अंगांना फुगत होती, बेडकाचा गळा फुगतो तशी, आणि खसखसणं सुरू झालं की भराभर थरथरत होती.

टिल्लूने मागून हळूच दार ओढून घेतलं.

“बघितलेलं तिला आवडत नाही,” तो म्हणाला.

ताईने त्याचा हात धरला. हात गार होता आणि बोटांची टोकं सुरकुतलेली, खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी.

“चल माझ्याबरोबर. आत्ता. अंगावरच्या कपड्यांनिशी चल.”

“कसं यायचं, ताई? तिला एकटीला सगळं जमत नाही. मी शिकतोय हळूहळू.” त्याने तिचा हात थोपटला. “तू रोज फोन करतेस ते फार बरं वाटतं तिला. आधी कुणीच करत नव्हतं.”

त्यानंतर आपण चालत जीपपर्यंत कशा आलो ते ताईला कधीच आठवलं नाही. रस्ता उतरू लागल्यावर काका म्हणाले, “भावाचं लग्न केलंत आणि आम्हाला तोंड गोड करायला नाही बोलावलंत.”

ताईने त्यांच्याकडे पाहिलं.

“त्या खिडकीत उभ्या होत्या की,” काका म्हणाले. “हात केला मला.”

६

दुसऱ्या दिवशी ताईने फाईल उघडली आणि वरच्या चौकीच्या ओळीपुढे खूण घातली. अशी खूण असली की मशीन ती ओळ वाचतच नाही, जणू लिहिलेलीच नाही. त्या दुपारी सगळ्या चौक्यांचे आकडे आले, एक सोडून. कर्ण्यातून चिरक्या आणि सर्दी झालेल्या शिट्ट्या ऐकताना तिला भरून आल्यासारखं झालं. सगळं साधं, यंत्राचं.

ऊन कलल्यावर टेबलावरचा फोन वाजला.

“ताई.” टिल्लूचा आवाज इतका बसला होता की शब्द फुंकरीसारखे येत होते. “आज आला नाही फोन.”

“नाही करणार मी. तू खाली ये.”

“ती वाट बघत बसली होती. मग उठली.” तो थांबला. मागे पाण्याचा आवाज होता, आणि तो स्थिर पाण्याचा नव्हता. “तिला बसलेलीच राहू दे, ताई. ती उठली की सगळंच उठतं.”

फोन बंद झाला. थोड्या वेळाने साहेब हातात कागद घेऊन आले. झोप पार उडालेली.

“वरचा आकडा कुठे आहे? मधल्या तलावाचा चौकीदार फोन करतोय. म्हणतो, वरून पाणी येतंय. पाऊस नाही, काही नाही, आणि पाणी येतंय. खाली वस्ती आहे, ताई.”

ताईने खूण काढली आणि मशीनला नंबर फिरवायला सांगितला. घंटा एकदाच वाजली. “हं, बोल,” बाई म्हणाली. आवाजात रुसवा होता, आणि तो विरघळत होता. शिट्टी आली. आकडा आला. मधल्या चौकीदाराने पुन्हा फोन करून कळवलं की पाणी थांबलं, त्यालाच चुकल्यासारखं झालं असावं, माफ करा.

७

टिल्लूला परत आणायचे तिने सगळे उपाय केले. साहेबांकडून बदलीचा हुकूम काढला. जीपवाले काका तो घेऊन वर गेले आणि दिवस असतानाच एकटे परत आले. हुकूम त्यांच्या खिशातच होता, ओला झालेला.

“बाहेर आलाच नाही,” ते म्हणाले. “मी दार वाजवलं, हाका मारल्या. आत दोघं बोलत होते. बोलत होते म्हणजे…” त्यांनी आपल्या गळ्याला हात लावला आणि पुढचं सांगितलं नाही. वरच्या रस्त्याची खेप त्यांनी त्यानंतर सोडली.

सकाळचे फोन आता कुणी उचलत नव्हतं. घंटा वाजत राहायची. आई विचारायची, “तुझा फोन लागतो का गं त्याला?” ताई म्हणायची, “लागतो. बरा आहे. काम जास्त आहे त्याला.” आईला तेवढ्यावर झोप लागायची. ताईला मात्र जागेपणीही पाण्याखाली असल्यासारखं वाटायला लागलं होतं. जिना चढताना, भांडी घासताना, रस्ता ओलांडताना ती गोल शिट्टी कानात असायची, आणि ती वाईट नव्हती. वाईट नव्हती हीच गोष्ट तिला कुणाला सांगता येत नव्हती.

एक दुपार अशी आली की तिला राहवेना. घरच्या माणसांनी फोन केला तर उचलत नाहीत, मशीनने फिरवला तर मात्र उचलतात, हे कुठवर चालायचं? त्याच तारेवर तिच्या टेबलाचा साधा फोन होता. तिने ठरवलं, मशीन नंबर फिरवील, पलीकडून उचललं की आपण फोन कानाला लावायचा आणि पेटीची तार उपटून टाकायची. म्हणजे पेटी मध्ये शिट्टी घालणार नाही. त्याच्याशी बोलता येईल.

८

कार्यालय झोपलं होतं. पंखा फिरत होता. पेटीने नंबर फिरवला, घंटा वाजली आणि थांबली. ताईने फोन उचलला, दुसऱ्या हाताने पेटीची तार ओढून काढली. पेटीवरचा दिवा विझला.

तारेत खोली होती. ओल, भिंती, ठिबकणारं पाणी.

“हं, बोल, ताई,” टिल्लू म्हणाला.

आवाज बसलेला नव्हता. स्वच्छ, भरलेला, सुंदर आवाज होता तो. असा आवाज त्याला कधीच नव्हता.

“टिल्लू,” ती म्हणाली, “घरी ये रे. आई रोज विचारते. मी काहीही सांभाळून घेईन, तू फक्त ये.”

उत्तर आलं नाही. आपण काय म्हणालो ते पलीकडे कुणाला कळलं नसावं, असं तिला वाटलं. परक्या भाषेत कुणी काही विचारलं की माणूस थांबतो ना, तसे ते थांबले होते. ते. कारण श्वास दोघांचे होते, अगदी जवळ जवळ.

मग दोघांनी मिळून श्वास ओढला आणि शिट्टी सुरू झाली. एक गोल, ओली. दुसरी तिच्याखालून येणारी, थोडी जाड, अजून थोडी कच्ची. दोन्ही एकमेकींना बिलगत वर चढल्या, क्षणभर टिकल्या आणि थांबल्या.

ताईला ही जागा पाठ होती. इतक्या वर्षांत रोज दुपारी ऐकलेली. पलीकडची शिट्टी इथे थांबते, आणि इथून इकडची उत्तर देते. नाही दिलं, तर पलीकडचे थोडा वेळ वाट बघतात. मग उठतात.

पेटी गप्प होती. सुटलेली तार ताईच्या मांडीवर पडली होती. ती परत खोचायला एक क्षण पुरला असता, पण हात जागचे हलेनात, झोपेत हलत नाहीत तसे. पलीकडे पाणी बारीक हललं. तिचा भाऊ तिथे श्वास धरून, कौतुकाने, तिच्या उत्तराची वाट बघत होता.

खिडकीबाहेर ऊन पडलं होतं. व्हरांड्यातला शिपाई भिंतीला टेकून झोपला होता.

ताईने फोन मांडीत ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि श्वास आत घेतला.